छावणीत शिकलेलं उलटं पडतं तेव्हा

प्रश्न: मी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. केलंय आणि परभणी जिल्ह्यात तीन वर्षं समुपदेशक म्हणून काम करते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मला एका शाळेतल्या छावणीवर पाठवलं होतं. चार दिवस तिथं होते, पण काय करावं तेच सुचत नव्हतं. आता आघात आणि आपत्ती या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं असं मनात आहे. वरिष्ठ म्हणतात, समुपदेशन येतं ना, मग तेच तिथं करायचं. अशा प्रशिक्षणाचा खरंच उपयोग होतो, की नुसतं एक प्रमाणपत्र हाती येतं?

उत्तर:

उपयोग होतो. तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर मला १९९३ पासून सुरुवात करावी लागेल, कारण मीही तेव्हा हेच धरून चालले होते की समुपदेशन येतं ना, मग झालं.

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागातली माळवदाची घरं तुम्हाला माहीत असतील. दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं भुईसपाट झाली. मी एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पंधरा-सोळा दिवसांनी आमच्या गटाला सास्तूरच्या बाजूला नेलं. प्रत्येकीच्या हातात एक प्रश्नावली होती.

पत्र्याच्या शेडसमोर एक आजी सुपात ज्वारी पाखडत बसली होती. ढिगाऱ्यातून उपसून काढलेली ज्वारी, निम्मी माती. मी शेजारी बसले. घरात किती माणसं होती, विचारलं. तिनं सांगितलं. कोण गेलं, कसं सापडलं, तेही विचारलं. ती सांगत गेली, एका सुरात, मान वर न करता, हात सुपावर चालूच. मग थांबली, माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, "तूबी लिहूनच नेणार का माय? तू सातवी." सूप उचललं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं, म्हातारी रात्रभर ढिगाऱ्याकडं तोंड करून बसून होती.

मला कुणी वाईट शिकवलं नव्हतं. बोलतं करा, भावना बाहेर येऊ द्या, हे जे वर्गात शिकवलं होतं तेच मी केलं. केंद्रातल्या बंद खोलीत, स्वतःहून आलेल्या आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा भेटणाऱ्या माणसाशी असं बोलणं बरोबरच असतं. छावणीत बंद खोली नसते, माणूस स्वतःहून आलेलं नसतं आणि पुढच्या मंगळवारी आपण तिथं असूच याची खात्री नसते. आजीला मी उघडं केलं आणि गाडीत बसून निघून आले. आपत्तीच्या प्रशिक्षणाचा पहिला फायदा माझ्या लेखी हाच आहे की आपल्याला जे उत्तम येतं ते कधी करायचं नाही, हे त्यात शिकवतात. हे आपोआप कळत नाही. अनुभवानं कळेल म्हणावं, तर तो अनुभव कुणाच्या तरी जिवावर घ्यावा लागतो.

हा केवळ माझा पश्चात्ताप नाही. त्या काळात जगभर हाच समज होता. घटनेनंतर दोन-तीन दिवसांत लोकांना एकत्र बसवायचं, काय झालं ते सविस्तर बोलायला लावायचं, म्हणजे पुढं त्रास होणार नाही. या पद्धतीला डीब्रीफिंग म्हणत. अमेरिकेत १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी ती मांडली, तीही अग्निशमन आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांच्या गटांसाठी. हळूहळू ती सगळ्या आपद्ग्रस्तांवर वापरली जाऊ लागली. पुढं कुणीतरी तपासून पाहिलं. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले, एका गटाला असं एक सत्र दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. तेरा महिन्यांनी पाहिलं तर सत्र मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) होता आणि न मिळालेल्यांत ९ टक्क्यांना. हा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही एका सत्राच्या डीब्रीफिंगनं त्रास टळतो असं दिसलं नाही. तरीसुद्धा आपल्याकडं आजही पूर आला की दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गोल करून बसवतात आणि "मन मोकळं करा" म्हणतात. करणाऱ्यांची भावना चांगलीच असते. म्हणून तर मी प्रशिक्षणाचा आग्रह धरते.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यात तीन शब्द आहेत. मराठीत आम्ही ते बघा, ऐका, जोडा असे शिकवतो. ऐकायला अगदी साधं वाटतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात नवीन मुलं पहिल्या दिवशी दुपारी कंटाळतात, एवढंच का म्हणून विचारतात. दुसऱ्या दिवशी प्रसंग करून दाखवायला लावले की घाम फुटतो. आपली सवय दुसऱ्या शब्दावर उडी मारायची. 'बघा' म्हणजे छावणीत शिरल्यावर निदान अर्धा तास नुसतं फिरायचं. कोण एकटं बसलंय, कुणाच्या पायात चप्पल नाही, कोणती बाई शौचाला जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाही, कोणत्या पोराला कुणीच जेवायला बोलवत नाही. आणि 'जोडा', म्हणजे माणसाला हव्या त्या मदतीशी जोडून देणं, हा शब्द तर मानसशास्त्राच्या पदवीत कुठंच येत नाही. त्यासाठी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार यांची ओळख लागते, अर्ज कुठं द्यायचा ते माहीत लागतं.

पुरातलीच एक गोष्ट सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदललेत. परंडा तालुका, सीनेच्या काठचं गाव. पाणी ओसरून तीन दिवस झाले होते. एक पंचेचाळिशीचे शेतकरी गोठ्यात खुंट्याजवळ बसलेले. खुंट्याला दोन दावी होती, म्हशी नव्हत्या. शेतातली माती खरडून गेलेली, खाली मुरूम उघडा पडलेला. सोयाबीन तर गेलंच, पण ज्यात पुढच्या वर्षी पेरायचं ती जमीनही गेली. त्यांची बायको म्हणाली, "दोन दिवसांपासनं बोलेनातच." माझ्याबरोबर एक नवा समुपदेशक होता, हुशार मुलगा. त्यानं मऊ आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी थोडा वेळ नुसती बसले. पाणी आणायला सांगितलं. मग विचारलं, "म्हशींचा पंचनामा झाला का?" तिथून ते वीस मिनिटं बोलले. म्हशी वाहून गेल्या, मेलेल्या सापडल्या नाहीत, मग पुरावा काय दाखवणार. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा हे बायको-पोरांना घेऊन छावणीत होते. एका म्हशीला दुसऱ्या महिन्याचं वासरू होतं, ते आईशिवाय काही पीत नव्हतं. वासराचं सांगताना त्यांचा आवाज फुटला. मी काहीच बोलले नाही, तो मुलगाही बोलला नाही, हे त्यानं चांगलं केलं. मग सरपंचांना फोन लावला, शेजारच्या दोघांचे जबाब लिहून घेतले, तलाठ्यांना गाठलं, वासराला पाजायला कुणाची दुसरी म्हैस मिळते का ते पाहिलं.

संध्याकाळी निघण्याआधी मी त्यांना सरळ विचारलं, "दादा, जीव नकोसा झालाय का? मरावं असं मनात येतंय का?" बराच वेळ गेला. "काल रात्री आलतं," म्हणाले. फवारणीचं औषध कुठं आहे, विचारलं. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोत्यामागं होतं. त्यांच्या भावाला बोलावून, त्यांच्यासमोरच, त्यांना विचारून ते उचलायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पहिले पंधरा दिवस गावातल्या आशाताई रोज दारावरून जाताना हाक मारायच्या, पुढं सहा आठवडे आम्ही आळीपाळीनं फोन करत राहिलो.

यात काय शिकवावं लागतं आणि काय उपजत असतं? थांबणं काहींना उपजत येतं. पण आत्महत्येबद्दल थेट विचारणं कुणालाच उपजत येत नाही. आपल्या जिभेवर ते शब्दच येत नाहीत. विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल, ही भीती अनुभवी लोकांच्याही मनात असते. ती भीती खोटी आहे. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. आणि विष हाताशी नसणं हा मराठवाड्यातल्या आत्महत्या रोखण्याचा सगळ्यात ठोस उपायांपैकी एक आहे, कारण टोकाचा क्षण अनेकदा काही तासांत ओसरतो. प्रशिक्षणात हे वाक्य मोठ्यानं दहा-वीसदा म्हणायला लावतात, समोर सहकारी बसवून. "मरावं असं मनात येतं का?" एकदा तोंडाला वळण पडलं की गोठ्यात बसूनही विचारता येतं. आपल्याकडं दुष्काळ असो की अतिवृष्टी, ती शेवटी कर्जावर येऊन टेकते. राज्य सरकारनं २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो याच कारणानं. त्यामुळं मराठवाड्यात आपत्तीचं प्रशिक्षण म्हटलं की आत्महत्या प्रतिबंध त्यात असायलाच हवा. नसेल तर ते प्रशिक्षण आपल्यासाठी अर्धंच आहे.

आता औषधांकडं येते. तुम्ही औषध लिहून देत नाही, पण छावणीत औषधांबद्दल डॉक्टरांना आठवण करून देणारी माणसं बहुधा आपणच असतो. एका छावणीत मी पाहिलं, तपासणीला आलेल्या प्रत्येक रडणाऱ्या बाईच्या हातावर झोपेच्या गोळ्यांची पट्टी ठेवली जात होती. डॉक्टर दमलेले होते, रांग मोठी होती, दुसरं काय देणार? पण बेन्झोडायझेपिन गटातल्या या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा त्रासासाठी आणि शोकासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. मूळ त्रासावर त्यांचा फायदा होत नाही आणि सवय मात्र लागते. रडणं, झोप उडणं, छातीत धडधडणं, पाण्याचा आवाज आला की दचकणं, हे पहिल्या काही दिवसांत होणारच. बहुतेक माणसांचं ते सुरक्षित जागा, आपली माणसं आणि पुढचं काहीतरी नक्की झालं की हळूहळू ओसरतं. पीटीएसडी हे निदान तर महिना उलटल्याशिवाय करताच येत नाही.

पण हीच गोळी त्याच छावणीत एकाचा जीव वाचवू शकते. तिसऱ्या रात्री एक माणूस भिंतीवरचे साप दाखवून ओरडू लागला. हात थरथरत होते, अंग घामानं भिजलेलं, ताप. लोक म्हणाले पुराचा धसका घेतला, कुणी म्हणालं बाधा झाली, अंगारा लावून झाला. त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "रोज घेत होते का?" घेत होता, रोज, वर्षानुवर्षं. रस्ते बंद झाले, दारू मिळणं थांबलं आणि अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत हे झालं. दारू एकदम सुटल्यानं येणारा हा वात जीवघेणा असतो. त्याला रुग्णालय, बेन्झोडायझेपिन आणि थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं लागतात. छावणीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अशी माणसं शोधायचीच असतात. मला हे पदवीत पुस्तकी माहीत होतं. छावणीत ते आठवायला हवं, ही जाणीव प्रशिक्षणानं दिली.

तसंच आधीपासून आजारी असलेल्यांचं. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, फिट्सचा रुग्ण, यांच्या गोळ्या घराबरोबर वाहून गेलेल्या असतात. फिटची गोळी अचानक थांबली की फिट्स लागोपाठ येऊ शकतात. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याला पुरानंतरच्या जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. नव्यानं आघात झालेल्यांकडं सगळे धावतात, ही माणसं कोपऱ्यात राहतात. माझ्या मते छावणीतल्या पहिल्या दिवसाचं पहिलं तज्ज्ञाचं काम हेच आहे. त्यात बोलण्याची कला लागत नाही, यादी लागते.

मुलांबद्दल थोडक्यात. त्यांना दिनक्रम परत द्या, खेळू द्या, तेच तेच खेळ खेळली तरी अडवू नका, आईबापांपासून वेगळं करू नका. मोठं पोर अंथरुण ओलं करू लागलं तर त्याला रागवू नका, असं आईला सांगा. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं, त्या मुलांचं शिक्षण झालं, ती उभी राहिली. तरी त्या काळात आम्हा कार्यकर्त्यांमध्ये एक चर्चा सतत व्हायची की गाव, भाषा, आजी-आजोबा मागं राहतात त्याचं काय. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आजही असे निर्णय घेताना दोन्ही तोलाव्या लागतात.

आता थोडं लांबचं. आपत्ती महिन्यात संपत नाही हे लोक बोलतात, पण महिन्यानंतर तिथं कुणी नसतं. किल्लारीनंतर नवी गावं वसली, रुंद सरळ रस्ते, आखीव ओळी. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं. भूकंपाच्या दृष्टीनं पक्की. पण जुन्या गावात एका बोळात राहणाऱ्या बायका, ज्यांची दळण-कांडण करता करता बोलणी व्हायची, त्या वेगवेगळ्या ओळींत गेल्या. एक बाई मला म्हणाली होती, "घर चांगलंय बाई, पण हाक मारली तर कुणाला ऐकूच जात नाही." कितीतरी घरांच्या अंगणात लोकांनी पत्र्याचं शेड ठोकलं आणि झोपायला वर्षानुवर्षं तिथंच जात राहिले, काँक्रीटच्या छताखाली डोळा लागेना म्हणून. एखाद्या परगावच्या तज्ज्ञाला ते शेड म्हणजे लक्षण वाटेल. मला तो त्या माणसानं स्वतः शोधलेला उपाय वाटायचा, आणि तो काढून घेण्याची घाई करू नये असं मी आजही सांगते. हां, तो माणूस शेडमधूनही बाहेर पडेनासा झाला, शेतात जाईना, पोरीला शाळेत सोडीना, तर मग उपचारांची वेळ आली.

त्या उपचारांचं प्रशिक्षण वेगळं असतं हे लक्षात घ्या. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत), दीर्घ शोकावरचे उपचार यांना महिने लागतात आणि देखरेखीखाली केसेस कराव्या लागतात. मानसिक प्रथमोपचार दोन दिवसांत शिकता येतो, हे येत नाहीत. तुम्ही विचारलंय ते 'आघात आणि आपत्तीचं प्रशिक्षण' असं एकत्र, आणि जाहिरातींतही ते एकत्रच असतं. तुमच्यासारख्या क्लिनिकल पार्श्वभूमीच्या व्यक्तीनं दोन्ही घ्यावं, पण आधी मानसिक प्रथमोपचाराचं. ते प्रत्येकाला लागतं, दुसरं थोड्यांना आणि उशिरा लागतं. मात्र त्या थोड्यांना आपल्या जिल्ह्यात ते देणारं कुणी नसेल तर त्यांनी कुठं जायचं? पुण्या-मुंबईला दर आठवड्याला कोण जाईल? म्हणून मराठवाड्यात राहणाऱ्या, इथली बोली कळणाऱ्या माणसांनी हे शिकणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. "काळीज हाललंय", "डोकं बधिर झालंय", "अंगातला जीव गेलाय" या तिन्हींत काय फरक आहे हे भाषांतरातून कळत नाही.

हिंगोलीचंच बघा. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीला केंद्र असलेला साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, वसमत-कळमनुरीकडं तर जमिनीखालचे आवाज लोकांना नवे नाहीत. त्या दिवशी मला पहिला फोन आला तो औशाकडच्या एका बाईंचा. १९९३ ला त्या दहा वर्षांच्या होत्या. लेकरांना घेऊन पटांगणात उभ्या होत्या आणि घरात पाय टाकवत नव्हता. मी फोनवर त्यांना पायाखाली काय आहे ते सांगायला लावलं. माती, मग गवत, मग चपलेचा अंगठा. श्वास सावकाश सोडायला लावला. आज कोणती तारीख, कोणतं साल, बरोबर कोण आहे, हे मोठ्यानं म्हणायला लावलं. दहा मिनिटांत आवाज खाली आला. तीस वर्षांनीही शरीर तिथंच परत जातं, आणि त्याला आजच्या दिवसात आणायची साधी तंत्रं असतात. ती वाचून येत नाहीत, करून करून येतात.

स्वतःबद्दलही बोलायला हवं. किल्लारीनंतर कितीतरी वर्षं वाऱ्यानं पत्रा वाजला की माझं पोट आवळायचं. मी ते कुणाला सांगितलं नाही. रडलीस तर या कामाला तू योग्य नाहीस, असा तेव्हा समज होता. तुम्ही लिहिलंय की चार दिवस काय करावं सुचत नव्हतं. परत आल्यावर झोप कशी होती, ते नाही लिहिलं. चांगल्या प्रशिक्षणात हा भाग शेवटच्या तासाला आटोपत नाहीत. जोडीनं जायचं, एकटीनं जायचं नाही. रोज संध्याकाळी जोडीदाराशी पंधरा मिनिटं, आज काय पाहिलं आणि काय जमलं नाही. काही दिवसांनी सक्तीची सुट्टी. ज्यांचं स्वतःचं घर पाण्यात गेलंय त्या कर्मचाऱ्याला पहिल्या आठवड्यात छावणीवर लावायचं नाही. आशाताईंच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. त्यांचीही घरं त्याच गावात असतात.

प्रशिक्षण निवडताना मी काय बघते? प्रत्यक्ष सराव किती तास आहे, आणि झाल्यावर सहा महिने कुणी मार्गदर्शन करणार आहे का. नुसती स्लाइड दाखवून संध्याकाळी प्रमाणपत्र देणारे असतील तर पैसे वाचवा. काय करू नये हा भाग त्यात आहे का ते विचारा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, छावणीचे प्रमुख, आरोग्य विभाग यांच्यात आपण कुणाला कळवायचं आणि कुणाच्या परवानगीनं आत जायचं हे शिकवतात का, तेही. या विषयात बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा अनुभव देशात खूप जुना, भोपाळच्या वायुगळतीपासूनचा. आपत्तीतल्या मनोसामाजिक कामासाठी तिथं स्वतंत्र विभागच आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये या कामाची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, ती एकदा बैठक मारून वाचा. आणि वरिष्ठांकडं हे प्रशिक्षण एकट्या स्वतःसाठी मागू नका. तुम्ही शिकून आलात आणि आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक यांना बघा-ऐका-जोडा शिकवलं नाही, तर पुढच्या पुरात तुम्ही पोचेपर्यंत दोन दिवस गेलेले असतील. पहिल्या रात्री तिथं त्याच असतात.

प्रशिक्षणाची तारीख लागेपर्यंत एक काम करून ठेवा, पावसाळ्याआधी. तुमच्या केंद्राच्या रजिस्टरमधून नदीकाठच्या गावांतले नियमित गोळ्या घेणारे रुग्ण वेगळे काढा. नाव, गाव, औषध, डोस, घरातल्या एकाचा मोबाइल नंबर. प्रत्येकाला विचारून, त्याची संमती घेऊनच, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही माहिती गोपनीय आहे. एक प्रत बंद पाकिटात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं द्या. ज्यांना शक्य आहे त्यांना जून ते ऑक्टोबर पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घरी ठेवायला सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आधार कार्डाबरोबर, म्हणजे घर सोडताना हात आधी तिकडं जाईल. लेकरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. आणि ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात त्याच्या गोळ्या मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाकडं, थोड्या थोड्या. त्याच पिशवीत एका चिठ्ठीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून टाका, १४४१६.